पाण्याला उशिरा कळतं

पहाटे ५.००

धक्क्यावरच्या एकुलत्या दिव्याखाली कॅप्टननी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. पाण्याची बाटली, रेनकोट, पोळीभाजीचा डबा. इथवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मग दोन केळी दिसली आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस चक्क एक पाऊल मागं सरला.

"मॅम, ही होडीत यायची नाहीत."

मला वाटलं, सालीवरून पाय घसरेल म्हणून. तसं नव्हतं. केळं होडीत आलं की मासा लागत नाही, ही इकडच्या गळवाल्यांची जुनी समजूत. कॅप्टन तटरक्षक दलाचा परवाना बाळगतात, मोबाइलवर वाऱ्याचे तीन-तीन अंदाज ताडून बघतात, धरणातून आज किती पाणी सोडणार हे चार वाजता उठून पाहतात. पण केळ्यापुढं त्यांचं विज्ञान संपतं. केळी ट्रकच्या बॉनेटवर राहिली.

ही गोष्ट अलाबामातली. टेनेसी नदीवरचं गंटर्सविलचं धरण १९३९ मध्ये पुरं झालं. त्यामागं पसरलेलं ७५ मैल लांबीचं, सुमारे ६९,००० एकरांचं पाणी आज बास माशासाठी अमेरिकाभर नावाजलेलं आहे. मी हंट्सविलला राहते, इथून पाऊण तासावर. लहानपण रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीकाठी गेलं. बाबांबरोबर गरवायला जायचे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा चालू होता आणि कॅप्टनना आज गिऱ्हाईक नव्हतं. वसंतात त्यांची डायरी भरलेली असते. आता मात्र शनिवार आला की अर्धं अलाबामा कॉलेज फुटबॉलसाठी टीव्हीपुढं. म्हणून दिवसभर बरोबर येऊ द्याल का, या माझ्या प्रश्नाला लगेच होकार मिळाला होता.

आधीच सांगते, बास म्हणजे बासा नव्हे. हॉटेलात 'बासा फ्राय' म्हणून येतो तो तळ्यांत वाढवलेला, मिशीवाल्या माशांच्या कुळातला. आपला जिताडा इंग्रजीत सी बास म्हणवतो. त्याचंही याच्याशी नातं नाही. इथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला शिकारी. अंग हिरवट, कुशीवर काळसर पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागं जातं. गंमत म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं हा खरा बास नव्हेच; तो सनफिशच्या घरातला.

सकाळी ६.१५

होडी वीस-एकवीस फुटांची, चपटी, मागं अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन. कॅप्टननी इंजिनाची सुरक्षादोरी स्वतःच्या जाकिटाला अडकवली. माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. नदीच्या मुख्य प्रवाहातून कोळशासारखं काहीतरी काळं भरलेले बार्ज ढकलत एक टग वर चालला होता. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो.

हवा दमट, गार नाही. २२ अंश. नैऋत्येचा वारा, ढग खाली उतरलेले. कॅप्टननी पडद्यावरचा आकडा दाखवला: पाणी साडेसव्वीस अंश.

"दुपारच्या आत थंडीचा पट्टा येतोय, मोसमातला पहिलाच. टीव्हीवाली बाई म्हणाली, आजपासून फॉल. तिला म्हणावं, माशांना अजून पत्र पोचलेलं नाही."

फॉल म्हणजे शरद ऋतू. पुढं दिवसभर मी जे काही बघितलं ते कॅप्टनच्या या शेवटच्या वाक्याचं स्पष्टीकरण होतं. हवा एका रात्रीत पालटते. पाणी उष्णता धरून ठेवतं. त्याला उतरायला आठवडे लागतात. रात्री लांबत जातात, तसं ते रोज थोडं जास्त देतं आणि थोडं कमी घेतं. मधल्या या दिवसांत मासा उन्हाळ्याच्या जागा सोडायला लागलेला असतो, पण हिवाळ्याच्या जागी पोचलेला नसतो. चार-पाच आठवडे तो वाटेवर असतो. आणि वाटेवरचा मासा नकाशावर सापडत नाही.

सकाळी ६.४०

उजाडलं, पण सूर्य ढगांमागंच राहिला. आम्ही एका मोठ्या ओढ्याच्या तोंडाशी आलो. याला इथं क्रीक म्हणतात. मनात खाडी येते, पण इथं भरती नाही, ओहोटी नाही, खारट वास नाही. धरणाच्या पाण्यानं फुगलेला ओढा एवढंच. कॅप्टननी मोठं इंजिन बंद केलं, होडीच्या नाकावरची छोटी विजेची मोटर पाण्यात सोडली आणि पायानं ती चालवत गवताच्या कडेकडेनं सरकू लागले.

ते गळ टाकेनात. नुसते बघत राहिले.

"काय शोधताय?"

"बगळा."

काठावर एक उंच राखी बगळा मान आत घेऊन उभा होता. तो पाय बदलत नव्हता, म्हणजे खाणं त्याच्या पायापाशी येत होतं. खाणं म्हणजे शॅड, अंगठ्याएवढी रुपेरी मासळी, आपल्याकडच्या पाल्याच्या नात्यातली. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते आणि थव्यानं फिरते. पाणी उतरायला लागलं की शॅडचे थवे मोठ्या पाण्यातून ओढ्यांच्या आत शिरतात, आणि त्यांच्यामागं बास. म्हणून या दिवसांत बासचा माग काढायचा नसतो, त्याच्या जेवणाचा काढायचा असतो.

बगळ्याच्या पुढं वीस हातांवर पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तशा टिकल्या उठल्या. पाऊस नव्हता. कॅप्टननी पृष्ठभागावर नागमोडी चालणारी लूर, म्हणजे खोटं आमिष, फेकली. टप, टप, टप, मान हलवत ती येत होती; तिसऱ्या वळणावर पाणी फुटलं.

पहिला मासा दोन पौंडांचा. कॅप्टननी त्याच्या खालच्या ओठावर अंगठा दाबून तो उचलला. बासला सुळे नसतात, बारीक दात कानशीसारखे. दिवसभर चांगले मासे काढणाऱ्याचा अंगठा संध्याकाळी सोललेला असतो, आणि हे इथं कौतुकानं दाखवतात.

मग त्यांनी तो पाण्यात सोडून दिला.

मी कोकणातली. मासा हाताला लागून परत पाण्यात गेला की माझ्या पोटात काहीतरी तुटतं. गंटर्सविलवर १५ इंचांहून लहान बास ठेवता येत नाही हे मला माहीत होतं. पण हा मोठा होता.

"खाणार होतात?"

"मनात मी त्याला हळद लावलीसुद्धा."

कॅप्टन हसले. सोडून देण्याची ही रीत इथं मुरली त्यामागं याच राज्यातला माणूस आहे. माँटगोमेरीचा विमा एजंट रे स्कॉट. त्यानं १९६७ मध्ये बासच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९७२ पासून स्पर्धेतला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला. त्याआधी स्पर्धा संपली की मासे मेलेले असायचे.

सकाळी ९.००

तासभर काही नाही. चार जागा झाल्या, चार वेळा लूर बदलली. मला वाटलं गाइडचं काम म्हणजे मासे दाखवणं. प्रत्यक्षात ते 'इथं नाहीत' हे लवकर ठरवणं निघालं.

"ऑगस्टमध्ये सोपं असतं. मासे नदीच्या जुन्या पात्राच्या कडेला खोलावर उभे राहतात, रोज तिथंच. नोव्हेंबरातही सोपं, सगळे ओढ्यात. आत्ता काही खोलावर, काही गवतात, काही मध्येच. कालची जागा आज रिकामी."

मी वाचलेलं ज्ञान पुढं केलं. शरद ऋतूत तलाव 'उलटतो' ना? उन्हाळ्यात वर गरम हलकं पाणी, तळाशी गार जड, मध्ये सीमारेषा. वरचं गार झालं की रेषा मोडते, तळाचं प्राणवायू संपलेलं पाणी वर मिसळतं आणि मासे सुस्तावतात.

"ते स्मिथ लेकला. तिथं दोनशे फुटांहून जास्त खोल आहे. इथं नदी वाहते आणि सरासरी खोली पंधरा फूट. आमचं पाणी रोजच ढवळलेलं. लोक मासा लागला नाही की म्हणतात, तलाव उलटला. तलाव काही उलटलेला नसतो."

गंटर्सविलचं आणखी एक वैशिष्ट्य इथं कळलं. बोटवाहतुकीसाठी या पाण्याची पातळी वर्षभर जवळजवळ तीच ठेवतात. उन्हाळा-हिवाळ्यात फरक जेमतेम दोन फुटांचा. आपल्याकडं धरण म्हटलं की उन्हाळ्यात भेगाळलेला तळ डोळ्यांपुढं येतो. इथं काठ उघडा पडत नाही, म्हणून उथळ भागात पाणवनस्पती दाट माजतात. आणि वनस्पती आहेत म्हणून बास आहे.

सकाळी १०.३०

वारा वाढला. पश्चिमेला ढगांची निळसर काळी भिंत. वायुभार सकाळपासून उतरत होता.

"आता खातील," कॅप्टन म्हणाले.

रस्त्याच्या भरावाला पूल आहे, त्याच्या खालून पाणी ओढल्यासारखं जातं. भरावाच्या दगडांवर वारा लाटा आपटत होता. कॅप्टननी आत खुळखुळणारे छर्रे असलेली चपटी लूर दिली. फेकायची, बुडत्या गवताच्या शेंड्यात अडकू द्यायची, मग झटक्यानं सोडवायची. त्या झटक्याला मासा लागतो, कारण गवतातून घाबरून निसटलेली शॅड तशीच सुटते.

पुढच्या पाऊण तासात अकरा मासे. त्यातले तीन माझे. एक साडेचार पौंडांचा, म्हणजे दोन किलो. हात थरथरत होते. सगळे भरावाच्या एका कोपऱ्यात, घरातल्या खोलीपेक्षा जास्त जागा नसेल.

वायुभार उतरला की मासा का खातो, असं मी विचारलं. कॅप्टन म्हणाले, त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला कळतं. मी इंजिनियर, मनात आकडेमोड झाली. असा पट्टा येताना वायुभार समजा १० मिलिबार उतरला, तर तो फरक १० सेंटिमीटर पाण्याएवढा. मासा अर्धी वीत वर-खाली झाला तरी तेवढाच दाब बदलतो. मग हे कारण कसं असेल? ढगांनी उजेड कमी होतो, लाटांनी पृष्ठभाग मोडतो, शॅडला शिकारी दिसत नाही, वारा तिला एका काठाला लोटतो. मला हे कारण जास्त पटलं.

कॅप्टननी ऐकून घेतलं. "बरोबर असेल. पण मी तुम्हाला इथं वायुभार बघूनच आणलं."

सव्वाअकराला वारा एकदम पडला. मिनिटभर सगळं थांबलं. मग वायव्येकडून गार झोत आला, अंगावर काटा उभा राहिला, आणि पाऊस.

दुपारी १२.१५

पुलाखाली होडी बांधून जेवलो. कॅप्टनचं टोमॅटो सँडविच: पांढरा पाव, मेयोनीज, मीठ, मिरी आणि अंगणातला टोमॅटो. "या वर्षातले शेवटचे चार," ते म्हणाले. त्यांचा फॉल टोमॅटोच्या वेलावरून येतो. मी बटाट्याची भाजी पुढं केली. त्यांनी पोळीत गुंडाळून खाल्ली आणि मोहरीचे दाणे बोटावर घेऊन बघितले.

सगळ्यात मोठा बास कोणाचा, हा प्रश्न अशा वेळी यायचाच. उत्तरात दोन नावं येतात. जॉर्ज पेरी, जॉर्जिया राज्य, २ जून १९३२, २२ पौंड ४ औंस. दहा किलोंहून थोडा जास्त. आणि मानाबू कुरिता, जपानमधलं बिवा सरोवर, २ जुलै २००९, पेरीपेक्षा औंसभरानं जास्त. पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आजवर विक्रम दोघांच्या नावे. बास जपानचा मूळ रहिवासी नाही. माणसानंच नेऊन सोडलेला. तिथं त्याला उपद्रवी परका मानतात.

"म्हणजे पाहुणा जाऊन यजमानाच्या घरी पैलवान झाला," मी म्हटलं.

दुपारी १.४५

पाऊस तासाभरात ओसरला होता. आभाळ असं धुऊन निघालं की डोळे दुखावेत. एक ढग नाही. वारा उत्तरेचा, कोरडा. अंगात जाकीट चढलं. सहलीला यावं असा दिवस. कॅप्टनचा चेहरा मात्र उतरला.

सकाळी अकरा मासे दिलेला भराव आता रिकामा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काही नाही. मासे कुठं गेले? कुठंच नाही, असं कॅप्टनचं म्हणणं. लख्ख उन्हात ते सावलीत शिरतात, आडोशाला चिकटतात आणि तोंडापुढून गेल्याशिवाय काही घेत नाहीत. 'केळी' हा शब्द कॅप्टन बोलले नाहीत. धक्क्याच्या दिशेनं एकदा बघितलं मात्र.

दुपारी ३.००

ओढ्याच्या आत आत. पाणी चार फूट, आणि त्यावर हिरवी सतरंजी अंथरलेली. पाणवनस्पती पृष्ठभागाला येऊन आडव्या पसरल्या की असं छप्पर तयार होतं. त्याखाली सावली, प्राणवायू आणि अंधाऱ्या पोकळ्या.

"ऐका," कॅप्टन म्हणाले.

मी कान दिला. तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज, सतरंजीभर. छोटे ब्लूगिल मासे खालून गवतावरचे किडे टिपत होते. जिथं तडतड आहे तिथं ब्लूगिल, जिथं ब्लूगिल तिथं बास. गप्प गवतावर वेळ घालवायचा नाही.

इथली लूर म्हणजे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, म्हणून गवतात अडकत नाहीत. तंगूस चालत नाही, विणलेली जाड दोरी लागते. बेडूक सतरंजीवर फेकला, तुरुतुरु ओढला. एका भोकापाशी थांबवला.

गवत फुटलं. जणू खालून कोणी वीट फेकली. मी झटका दिला आणि बेडूक रिकामाच माझ्या कानावरून गेला.

बाबांनी शिकवलेलं हाताला माहीत होतं: दोरीला टोचणी जाणवली की तत्क्षणी झटका. भाट्याच्या खाडीत आमिष कोलंबीचं, मासा चोरटा; उशीर केला की नुसता गळ वर. इथं उलटं.

"दोन आकडे मोजा. दोरी जड झाली की मगच. त्यानं गवतासकट तोंडात घेतलंय, त्याला नीट घेऊ द्या."

दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा मोजलं: एक, दोन. दोरी जड झाली. ओढला तर मासा कमी आणि गवताचा भाराच जास्त वर आला. कॅप्टननी भारा होडीत घेऊन चाचपडत मासा बाहेर काढला. तीन पौंड. दुपारचा पहिला.

माझं लक्ष मात्र गवताकडं. दांड्याभोवती गोल बसलेली बारकी पानं, कडेला करवतीसारखे दात. हे मी कुठंतरी हातात धरलेलं होतं.

शाळेची प्रयोगशाळा. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हिरवी फांदी, तिच्यावर उपडं नरसाळं, वर पालथी परीक्षानळी. उन्हात ठेवलं की फांदीतून बुडबुडे निघत. नळीत जमलेल्या वायूत विझत आलेली काडी धरली की भप्पकन पेटायची. प्रकाशसंश्लेषण.

"हायड्रिला!" मी ओरडलेच.

"हायड्रिला," कॅप्टन म्हणाले. "तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगितलं. आमच्याकडं हे तळ्यातळ्यात असतं. अमेरिकेत १९५० च्या दशकात श्रीलंकेतून फ्लोरिडात आणलं, मत्स्यटाक्यांच्या शोभेसाठी. तिथून पाण्यात सुटलं आणि राज्यामागून राज्य घेत गेलं. गंटर्सविलला ते १९८० च्या दशकात पोचलं. बोटींचे पंखे अडकू लागले, काठावरच्या घरांपुढं पाणी दिसेना. मग औषधं फवारली, ते खायला गवत्या मासे सोडले, तेच आपल्या तळ्यांत रोहू-कटल्याबरोबर असतात ते. धक्का असलेल्याला हे गवत नको, गाइडला हवं. हे भांडण इथं अजून मिटलेलं नाही.

कॅप्टननी ती फांदी हातात घेतली. चाळीस वर्षं ते हिच्यावर होडी चालवत आले होते.

"म्हणजे माझं पोट तुमच्या शाळेतल्या गवतावर चालतं."

संध्याकाळी ५.३०

शेवटच्या दीड तासात आणखी दोन. सकाळच्या पाऊण तासात अकरा, दुपारच्या चार तासांत तीन. गिऱ्हाइकानं पैसे मोजले ते सकाळच्यासाठी असं कोणालाही वाटेल. कॅप्टनना तसं वाटत नाही. "सकाळी वाऱ्यानं काम केलं. दुपारचे तीन माझे."

धक्क्यावर होडी ट्रेलरवर चढली. आता पाऊण तासाचं काम उरलेलं, जे गिऱ्हाईक कधी बघत नाही. तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडायचं. ट्रेलरच्या दांड्यात, पंख्यात, चाकात अडकलेलं गवत हातानं काढायचं. मी हायड्रिलाची एक फांदी रिकाम्या बाटलीत घातली होती, मुलीला नरसाळ्याचा प्रयोग दाखवायला. कॅप्टननी हात पुढं केला.

"ही घरी न्यायची नाही, मॅम. कायद्यानं बंदी आहे. एवढ्याशा तुकड्यातून सबंध तळं भरतं."

मी बाटली दिली. माझ्या पँटला चिकटलेलं पानही त्यांनी खुडून काढलं.

संध्याकाळी ६.३५

डोंगरामागं सूर्य गेला. हवा १५ अंश; भर सकाळी २४ होती. कॅप्टननी डॅशबोर्डवरून वही काढली. तारीख, वारा, आभाळ, जागा, मासे. शेवटच्या रकान्यात पाण्याचं तापमान, होडी काढण्याआधी बघून ठेवलेलं. मी वाकून पाहिलं: २६. हवा दिवसात नऊ अंशांनी उतरली होती, पाणी अर्ध्या अंशानं.

"उद्या?"

"उद्या गार, निरभ्र, कठीण. ओढ्यात आणखी थोडं आत जाईन. परवा वारा दक्षिणेचा होईल. चार वाजता उठायचं."

लिहिता लिहिता त्यांचा डावा हात बॉनेटवर गेला. दिवसभराच्या उन्हापावसानं केळ्यांवर काळे ठिपके आले होते. एक त्यांनी सोललं आणि निवांत खाल्लं.

मी बघतच राहिले.

"जमिनीवर चालतं," ते म्हणाले, आणि दुसरं मला दिलं.